गाणं सातासमुद्रापार, गाणाऱ्याला पत्ताच नाही!

दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला की आमच्या घरात एक वाद ठरलेला. वाद एका पत्र्याच्या ट्रंकेवरून. त्या ट्रंकेत आमच्या ह्यांनी लग्नाआधी आणि लग्नानंतरच्या चार-पाच वर्षांत लिहिलेल्या एकांकिका आहेत. एक-दोन बसल्या, एकीला कसलंसं उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं. पुढे मुलं झाली, ऑफिसात बढती झाली, सासूबाईंचं आजारपण आलं आणि ट्रंक माळ्यावर गेली ती गेलीच. मी म्हणते, रद्दीवाल्याला देऊन टाकू, निदान चार डबे ठेवायला जागा होईल. हे काही बोलत नाहीत, नुसते चष्मा पुसत बसतात.

यंदा हा वाद झाला नाही. कारण साफसफाईच्या आदल्या रविवारी मुलानं टीव्हीवर एक माहितीपट लावून दिला. 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' त्याचं नाव. मी भाजी निवडत निवडत बघायला बसले. इंग्रजी गाण्यांशी आपला काय संबंध, असं मनात होतंच. तासाभरानं लक्षात आलं की गवार तशीच पडली आहे आणि आपण पदराला डोळे पुसतोय. त्या गाणाऱ्याची गोष्ट तुम्हांलाही सांगावीशी वाटली. चित्रपटात आहे तेवढीच नाही, तर चित्रपटात नाही तीही.

सहावा म्हणून सिक्स्टो

अमेरिकेत डेट्रॉइट नावाचं शहर आहे. मोटारगाड्यांचं शहर म्हणून त्याची एकेकाळी जगभर ख्याती होती. कारखान्यांत काम मिळेल या आशेनं दूरदूरची माणसं तिथं येत. शेजारच्या मेक्सिको देशातूनही हजारो कुटुंबं आली. अशाच एका कामगाराच्या घरी १० जुलै १९४२ रोजी एक मुलगा जन्माला आला. भावंडांत सहावा, म्हणून नाव ठेवलं सिक्स्टो. आपल्याकडे नाही का, मुली फार झाल्या की 'नकोशी' म्हणून मोकळे होत! इथं निदान नुसता आकडाच होता. आडनाव रॉड्रिग्ज. आई तो अगदी लहान असतानाच गेली.

घरात एक गिटार होती. सोळाव्या वर्षी पोरानं ती हातात घेतली आणि ती त्याला चिकटलीच. दिवसा मिळेल ते काम आणि रात्री धुरानं भरलेल्या दारूच्या गुत्त्यात गाणं. शहराची अवस्था तेव्हा बिघडत चालली होती. १९६७ साली डेट्रॉइटमध्ये मोठी वांशिक दंगल झाली आणि घरंच्या घरं जळाली. गोरी वस्ती शहर सोडून जाऊ लागली. रॉड्रिग्जची गाणी या सगळ्याबद्दल होती. गल्लीतली गरिबी, अमली पदार्थांचे सौदे, पुढाऱ्यांचा खोटेपणा, नोकरी गेलेली माणसं असं सगळं त्यात होतं. चाली मात्र गोड आणि आवाज स्वच्छ.

स्वभाव विलक्षण लाजरा. काही वेळा तो श्रोत्यांकडे पाठ करून गायचा. आपल्याकडे नव्या सुनेला पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला लावलं की ती कशी भिंतीकडे बघून म्हणते, तसंच काहीसं. १९६७ साली त्याची एक तबकडी निघाली, ती कुणाच्या लक्षातही आली नाही. पुढे डेनिस कॉफी आणि माइक थिओडोर या दोन जाणकार संगीतकारांनी त्याला नदीकाठच्या एका गुत्त्यात ऐकलं आणि ते थक्क झाले. त्यांच्या खटपटीनं 'ससेक्स' नावाच्या कंपनीशी करार झाला. मार्च १९७० मध्ये 'कोल्ड फॅक्ट' हा पहिला अल्बम आला. दुसरा, 'कमिंग फ्रॉम रिअ‍ॅलिटी', लंडनला ध्वनिमुद्रित झाला आणि १९७१ मध्ये आला.

आणि काय झालं? काहीच झालं नाही. दोन्ही अल्बम पडले. जाणकारांनी बरं म्हटलं, पण दुकानात कुणी विकत घेईना. कंपनीनं त्याला सोडून दिलं, आणि १९७५ साली ती कंपनीही बंद पडली. तिशीच्या उंबरठ्यावरच्या रॉड्रिग्जची गायक म्हणून कारकीर्द संपली, असं सगळ्यांनी धरलं. त्यानंही धरलं.

हातात घण

मग त्यानं काय केलं, हे मला गाण्यापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. कलावंत अपयशी ठरला की पुढे काय होतं, हे आपण सिनेमात पुष्कळ पाहिलंय. बाटली, विस्कटलेले केस, बायकामुलांवर आरडाओरडा. ह्या माणसानं हातात घण घेतला. जुनी घरं पाडायची, आतून साफ करायची, डागडुजी करायची, धुळीनं माखून पाठीवर ओझी न्यायची, असं अंगमेहनतीचं काम तो पुढे कित्येक वर्षं करत राहिला. त्याच्याबरोबर काम केलेला एकजण चित्रपटात सांगतो की घर पाडायच्या कामालाही हा कधी कधी चांगला कोट-पाटलोण घालून यायचा. काम कसलंही असो, त्याचा मान ठेवायचा, असा त्यामागचा भाव.

१९७६ साली सरकारी लिलावात त्यानं एक मोडकं घर घेतलं. किंमत पन्नास डॉलर! त्याच घरात तो पुढली कितीतरी वर्षं राहिला, जगात नाव झाल्यावरसुद्धा. लाकडं फोडून शेगडी पेटवून डेट्रॉइटचे बर्फाचे हिवाळे काढले.

त्याला तीन मुली. हा बाप त्यांना ग्रंथालयात, संग्रहालयात घेऊन जायचा. खिसा रिकामा असला तरी तिथं दार उघडंच असतं. श्रीमंतांची मुलं जिथं जातात तिथं आपल्यालाही जाता येतं, हे मुलींच्या मनावर त्यानं बिंबवलं. स्वतःही शिकत राहिला. मजुरी करता करता कॉलेज करून १९८१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, वेन स्टेट विद्यापीठाची तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. वस्तीतल्या लोकांसाठी काही करावं म्हणून निवडणुकांनाही उभा राहिला, नगर परिषदेच्या, महापौरपदाच्यासुद्धा. दर वेळी पडला. एकदा तर मतपत्रिकेवर त्याचं नावच चुकीचं छापलं होतं म्हणे!

आता, मैत्रिणींनो, इथं मला थांबावंसं वाटतं. चित्रपट बघताना सगळे म्हणतात, वा, केवढा साधा माणूस! पण त्या घरातल्या बाईचं काय? रॉड्रिग्जची दोन लग्नं झाली. चित्रपटात त्याच्या मुली भरभरून बोलतात, पण त्यांच्या आया पडद्यावर येत नाहीत. एक मुलगी सांगते, लहानपणी आम्ही सव्वीस घरं बदलली, काहींत तर न्हाणीघरसुद्धा नव्हतं. हे वाक्य ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर गिटार आली नाही. सव्वीस वेळा भांडी बांधणारे, सव्वीस वेळा चूल मांडणारे हात आले. हा हिशेब कुठल्याही अल्बमच्या पाठीवर छापलेला नसतो. कलावंताच्या घरात राहिलेल्या बाईलाच तो ठाऊक.

तिकडे दुसऱ्याच देशात

डेट्रॉइटमध्ये हा माणूस भिंती पाडत होता तेव्हा हजारो मैल दूर, आफ्रिकेच्या पार दक्षिण टोकाला, काय चाललं होतं ते बघा.

दक्षिण आफ्रिका म्हणजे त्या काळी वर्णद्वेषाचं राज्य. गोऱ्यांचा कायदा वेगळा, काळ्यांचा वेगळा. तिथल्या हिंदी लोकांनी सोसलेले अपमान आपल्याला गांधीजींच्या चरित्रावरून ठाऊक आहेतच. भारतानं १९४६ सालापासूनच त्या देशाशी व्यापार तोडला होता. आपल्या पासपोर्टवर 'दक्षिण आफ्रिकेसाठी ग्राह्य नाही' असं छापलेलं असायचं. १९७४ साली डेव्हिस कप टेनिसच्या अंतिम सामन्यात भारत पोहोचला होता, पण समोर दक्षिण आफ्रिका म्हणून आपण खेळायलाच नकार दिला आणि हातचा कप सोडला.

जगानं असं वाळीत टाकलेला तो देश. आत तरी मोकळेपणा होता का? छे! टीव्ही यायलाच १९७६ साल उजाडलं. पुस्तकांवर, सिनेमांवर, गाण्यांवर सरकारची कात्री. गोऱ्या मुलांना शाळा संपली की सक्तीनं लष्करात धाडत, सरहद्दीवर लढायला. अशा कोंदट हवेत १९७१ च्या सुमाराला 'कोल्ड फॅक्ट' तिथं पोहोचला. कुणी म्हणतं, अमेरिकेहून आलेल्या एका मुलीनं सोबत आणला. खरं-खोटं देव जाणे. तबकडी तिथल्या कंपन्यांनी रीतसर काढली, आणि ती घरोघरी झाली. सैन्यातली पोरं कॅसेटवर उतरवून एकमेकांना देऊ लागली.

व्यवस्थेविरुद्ध इतकं उघड बोलता येतं, हे त्या गोऱ्या मुलामुलींना ह्या गाण्यांतून पहिल्यांदा कळलं. तिथल्या सरकारी रेडिओनं 'शुगर मॅन' हे गाणं वाजवायला बंदी केली, कारण त्यात अमली पदार्थ विकणाऱ्याचा उल्लेख आहे. बंदी कशी? ध्वनिमुद्रिकेच्या त्या भागावर अणकुचीदार वस्तूनं ओरखडे काढून ठेवले, म्हणजे कुणी चुकून लावलं तरी सुई पुढे सरकू नये! त्या चरे पाडलेल्या तबकडीचं चित्रपटात दर्शन घडतं. पण बंदीचं आपल्याला माहीतच आहे. ज्या पुस्तकाला वडीलमाणसं हात लावू देत नसत, तेच आपण गादीखाली लपवून वाचलं ना?

ऐंशीच्या दशकात सरकारविरुद्ध गाणाऱ्या तिथल्या आफ्रिकान्स तरुण गायकांनी रॉड्रिग्जला गुरुस्थानी मानलं. एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. ही सगळी लोकप्रियता मुख्यतः गोऱ्या समाजातली. वर्णद्वेषाविरुद्धची खरी लढाई रस्त्यावर आणि तुरुंगात काळ्या जनतेनं लढली. गोळ्या त्यांनी झेलल्या. गाण्यानं एवढंच केलं की राज्यकर्त्यांच्याच घरातल्या काही मुलांच्या मनात शंका पेरली. तेही काही थोडं नाही.

अल्बमच्या वेष्टनावर काळा चष्मा लावून मांडी घालून बसलेल्या माणसाचं चित्र होतं. त्याच्याविषयी बाकी अवाक्षर नाही. माहिती नसली की वावड्या उठतात. कुणी म्हणे, त्यानं रंगमंचावरच स्वतःला पेटवून घेतलं. कुणी म्हणे, शेवटचं गाणं म्हणून पिस्तूल झाडून घेतलं. साऱ्या देशानं त्याला मेलेला ठरवून टाकलं. आणि हा बिचारा डेट्रॉइटमध्ये संध्याकाळी धूळ झटकत घरी येत होता!

एका बाईचा साधा प्रश्न

गोष्टीला कलाटणी मिळाली ती एका बाईच्या प्रश्नानं. केपटाऊनमध्ये स्टीफन सेगरमन नावाचे गृहस्थ राहत. 'शुगर मॅन' गाण्यावरूनच मित्र त्यांना 'शुगर' म्हणत. मूळची तिथली पण अमेरिकेत स्थायिक झालेली एक ओळखीची बाई एकदा समुद्रावर भेटली आणि तिनं विचारलं, 'कोल्ड फॅक्ट' इथं कुठं मिळेल? तिकडे अमेरिकेत तर मिळतच नाही. सेगरमन चाट पडले. ते समजत होते, एवढा मोठा अमेरिकन गायक, तिकडे तर त्याचे पुतळे असतील! अमेरिकेत त्याला कुणी ओळखतच नाही, हे त्यांना तेव्हा उमगलं.

१९९६ मध्ये दुसरा अल्बम तिथं सीडीवर निघाला. त्याच्या माहितीपत्रिकेत सेगरमन यांनी लिहिलं की ह्या गायकाचं काय झालं याचा छडा लावणारा कुणी शोधक आहे का? क्रेग बार्थोलोम्यू हे पत्रकार पुढे आले. आधी त्यांनी पैशाचा माग काढून पाहिला, जमलं नाही. मग गाण्यांतली गावांची नावं शोधू लागले. एका गाण्यात डिअरबॉर्न नाव सापडलं. नकाशा काढून पाहिला तर ते डेट्रॉइटला लागून! तिथून धागा गेला माइक थिओडोरपर्यंत. १९९७ साली त्यांना फोन लागला. पत्रकारानं विचारलं, रॉड्रिग्ज नेमका मेला कसा? पलीकडून उत्तर आलं की तो कुठं मेलाय, तो तर जिवंत आहे!

त्याच सुमाराला सेगरमन आणि मित्रांनी इंटरनेटवर शोधासाठी एक पान उघडलं होतं. ते रॉड्रिग्जच्या थोरल्या लेकीच्या नजरेस पडलं. ज्यांना तुम्ही शोधताय ते माझे वडील आहेत, असं तिनं कळवलं. बोलणं झालं, आणि एके रात्री एकच्या सुमाराला केपटाऊनला सेगरमन यांचा फोन वाजला. पलीकडे तोच आवाज, जो ते पंचवीस वर्षं तबकडीवर ऐकत आले होते.

मजुराची मिरवणूक

मार्च १९९८ मध्ये रॉड्रिग्ज मुलींसह दक्षिण आफ्रिकेत उतरला. तोवर वर्णद्वेषी राजवट संपली होती. १९९४ पासून नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष होते. विमानतळावर लांबलचक आलिशान गाड्या उभ्या होत्या. बापलेकींना वाटलं, कुणी बडी असामी येणार असेल. त्या आपल्या गाड्यांना वळसा घालून जायला लागल्या! त्या गाड्या त्यांच्यासाठीच आहेत, हे सांगावं लागलं.

सहा कार्यक्रम ठरले होते. पहिल्या दिवशी केपटाऊनच्या मोठ्या बंदिस्त मैदानात हजारो माणसं जमली. रॉड्रिग्ज मंचावर आला तर टाळ्या आणि आरोळ्या थांबेचनात. कितीतरी मिनिटं त्याला गाताच येईना. मला जिवंत ठेवल्याबद्दल तुमचे आभार, अशा अर्थाचं तो काहीतरी बोलला. साथीला होते तिथलेच वादक, त्याचीच गाणी ऐकत लहानाचे मोठे झालेले. पंचावन्न वर्षांचा तो लाजरा मजूर जन्मभर हेच करत असल्यासारखा गायला. श्रोत्यांकडे तोंड करून.

आणि मग? परत डेट्रॉइट, तेच पन्नास डॉलरचं घर, तेच काम. मिळालेल्या पैशांतला बराचसा नातलगांना, मित्रांना वाटून टाकला, असं घरचे सांगतात. थोरल्या लेकीचं मात्र त्या दौऱ्यात नशीब जुळलं. तिथल्याच एका तरुणाशी सूर जमला आणि तिला मुलगा झाला. म्हणजे बापाच्या पडलेल्या तबकडीनं मुलीचं घर उभं राहिलं म्हणायचं!

पडद्यावर नसलेलं पान

पुढे मलिक बेंजेलूल हा स्वीडनचा तरुण केपटाऊनला गेला असताना त्याच्या कानावर ही हकीकत आली. त्यानं वर्षानुवर्षं खपून माहितीपट केला. पैसे संपले तेव्हा काही भाग चक्क मोबाइल फोनवर चित्रित केला. २०१२ च्या जानेवारीत तो अमेरिकेत दाखवला गेला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. रॉड्रिग्ज त्या सोहळ्याला गेला नाही. कौतुक करायचं ते चित्रपट करणाऱ्यांचं, त्यात आपण कशाला, हा त्याचा विचार. निकाल जाहीर झाला तेव्हा हे महाशय झोपले होते! सत्तरीत त्याला मायदेशात पहिल्यांदा नाव मिळालं. टीव्हीवर बोलावणी आली, मोठमोठ्या महोत्सवांत गाणं झालं. त्याच्याच विद्यापीठानं २०१३ मध्ये त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली.

चित्रपट सुरेख आहे, पण त्यानं एक पान गाळलं आहे. ऑस्ट्रेलियात रॉड्रिग्ज सत्तरच्या दशकातच लोकप्रिय झाला होता. १९७९ आणि १९८१ साली तो तिथं दौरे करून आला होता. म्हणजे 'कुणालाच पत्ता नव्हता' हे पुरतं खरं नाही. गोष्ट रंगावी म्हणून सांगणारा एखादा धागा सोडून देतो. आपणही लग्न जमवताना मुलाच्या नोकरीबद्दल सांगतो आणि कर्जाबद्दल विसरतो, त्यातलाच प्रकार! पण मला वाटतं, तो धागा ठेवला असता तर गोष्ट जास्तच भिडली असती. माणूस दोनदा उचलला गेला, दोनदा पुन्हा घण हातात घेतला, आणि कडवट झाला नाही.

आणखी एक दुःखाची गोष्ट. बेंजेलूलनं २०१४ च्या मे महिन्यात, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, नैराश्यात आत्महत्या केली. हातात ऑस्कर येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. यश न मिळालेला मजूर हसतमुखानं म्हातारा झाला आणि यश मिळालेला तरुण आतून खचला. वरून दिसणाऱ्या यशावरून घरच्या माणसाच्या मनाचा अंदाज बांधू नये. घरात कुणी गप्प-गप्प राहत असेल, झोप उडाली असेल, तर 'सगळं तर छान चाललंय' म्हणून सोडून न देता त्याला बोलतं करा, डॉक्टरांकडे न्या.

रॉड्रिग्जची दृष्टी काचबिंदूनं अधू झाली होती. शेवटच्या वर्षांत मुली त्याला हाताला धरून मंचावर आणत. ८ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, डेट्रॉइटमध्येच त्याचा अंत झाला. ह्या वेळी बातमी खरी होती.

पैसे गेले कुठे?

तुमच्या मनात हा प्रश्न आला असेलच. दक्षिण आफ्रिकेत लाखांनी प्रती खपल्या असं चित्रपट सांगतो. मग ते पैसे? तिथल्या कंपन्या म्हणतात, आम्ही अमेरिकेला पाठवले. चित्रपटात ससेक्सच्या मालकांना हे विचारलं तेव्हा ते वैतागलेच. रॉड्रिग्जच्या हाती मात्र काही आलं नाही. शिवाय पहिल्या अल्बमवर गाण्यांचं श्रेय त्याच्या नेहमीच्या नावानं न छापता वेगळ्याच नावांनी छापलं होतं. त्यावरून २०१४ साली अमेरिकेत कोर्टकज्जाही उभा राहिला. पंचविशीतल्या पोरानं आनंदाच्या भरात केलेल्या सह्या सत्तरीपर्यंत पुरल्या!

हे फक्त अमेरिकेत घडतं असं समजू नका. आपल्या घरातही कुणी गाणी लिहितं, चाली लावतं, भावगीतं गातं, नाटुकली लिहितं. तेव्हा चार गोष्टी गाठीशी असू द्या:

* आपल्या कायद्यानं गाणं, कविता, नाटक लिहून झालं की लेखकाचा हक्क आपोआप निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तरी तारीख घालून हस्तलिखित जपून ठेवावं. वाद झाल्यास उपयोगी पडतं.

* हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार हवा. त्यात किती वर्षांसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी, हे लिहून घ्या. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरता.

* २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमात किंवा ध्वनिमुद्रिकेत गाणं वापरलं गेलं तर कवी आणि संगीतकाराचा मानधनातला समान वाट्याचा हक्क कायम राहतो. 'मला काही नको' असं लिहून घेतलं तरी तो हक्क सहसा सुटत नाही.

* लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. म्हणजे तो वारसांकडे येतो. कराराची एक प्रत घरातल्या बाईच्या कपाटात, दागिन्यांच्या पावत्यांशेजारी असायलाच हवी. मोठी रक्कम असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. वकिलाची फी परवडते, सही मागे घेणं परवडत नाही.

आमच्या ट्रंकेचं काय झालं?

चित्रपट संपला तेव्हा हे माझ्या मागेच उभे होते. कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. दोघंही काही बोललो नाही. मी गवार निवडायला घेतली.

आमच्या ह्यांच्या एकांकिका दक्षिण आफ्रिकेत कुणी चोरून वाचत असेल, असा माझा भ्रम नाही. तसं रॉड्रिग्जसारखं भाग्य कोट्यवधींत एखाद्याचं. बाकीच्यांच्या ट्रंका माळ्यावरच राहतात. पण मी इतकी वर्षं त्या कागदांकडे अडगळ म्हणून बघत होते आणि हे माझ्याकडे बघत होते, हे त्या रविवारी लक्षात आलं. त्यांनी कधी तोल सोडला नाही, मुलांच्या फिया वेळेवर भरल्या, माझ्या आजारपणात डबे केले. त्यांचा घण म्हणजे ऑफिसातली फायलींची चळत. आणि ती उचलता यावी म्हणून घर मी उचललं, हेही खरंच.

माळा आवरला तेव्हा ट्रंक खाली काढली. कागद पिवळे पडले होते, दोन वह्यांना कसर लागली होती. ऊन दाखवलं, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि डांबरगोळ्या घालून नव्या कापडात बांधले. मुलानं आधी पानापानाचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले. भाऊबीजेला माझे भाऊ-भावजया आल्या होत्या. जेवणं झाल्यावर मीच म्हटलं, एक वाचून दाखवा. हे आधी नको नको म्हणाले. मग चष्मा पुसला आणि वाचायला बसले.

सगळेच विनोद काही पिकले नाहीत. एक भाऊ मधेच पेंगला. पण दुसऱ्या प्रवेशात सासू-सुनेचा एक संवाद होता, त्याला भावजया खळखळून हसल्या. त्यातली सून कोण, ते मला कळलं. वाचताना ह्यांचा आवाज किती बदलतो, हे मी विसरूनच गेले होते.

चार डबे आता स्वयंपाकघरात खिडकीखाली ठेवलेत. अडचण होते, पण चालतं.